‘होम अलोन’ म्हणजे नुसती आपटाआपटी? थांबा जरा

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की तीच पोस्ट परत फिरायला लागते. यंदा मला ती चार ग्रुपवर मिळून पाच वेळा आली, कारण एका ग्रुपवर एकाच गृहस्थांनी दोनदा टाकली. मूळ कुणी लिहिलीय कोण जाणे, खाली नुसतं ‘साभार’. मजकूर थोडक्यात असा, की ‘होम अलोन’सारखे धडपडीचे कौटुंबिक सिनेमे ख्रिसमसला बघणं हा बाजाराने लावलेला नाद आहे, सणाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. माणसं पडलेली बघून हसायला डोकं लागत नाही. आठ वर्षांचं पोरगं दोन माणसांचा जीव घ्यायला निघतं आणि आपण ते कौतुकाने पोरांना दाखवतो. पंधरा माणसांच्या घरात आईबाप एका पोराला विसरतात हे शक्यच नाही. आणि एवढं होऊनही कुणाला तो आवडत असेल तर ते फक्त लहानपणच्या आठवणी आणि टीव्हीवाल्यांचे रिपीट यामुळे. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी, म्हणजे विषय संपला.

मी वसईची, आमच्या घरात नाताळ लहानपणापासून आहे आणि हा सिनेमाही जवळपास तेवढाच जुना आहे, त्यामुळे मला गप्प बसवेना. (सिनेमा न बघितलेल्यांसाठी, घरचे सगळे ख्रिसमसला पॅरिसला जातात, आठ वर्षांचा केव्हिन चुकून घरी एकटा राहतो आणि घर फोडायला आलेल्या हॅरी आणि मार्व या दोन चोरांना सापळे लावून आपटवतो.) एकेक मुद्दा घेते. काही ठिकाणी पोस्ट लिहिणाऱ्याचं बरोबर आहे, तेही सांगते.

आधी ते ‘सणाशी काडीचा संबंध नाही’ घेऊ, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथंच आहे. यांना वाटतं की ख्रिसमस म्हणजे मुळात शांत, मेणबत्त्या, कॅरल्स, आणि त्यात 1990 साली हॉलिवूडने माणसं आपटायला आणली. उलट आहे सगळं. इंग्लंडमध्ये ख्रिसमसला सहकुटुंब नाटकाला जायचं, म्हणजे पँटोमाइमला जायचं, ही पद्धत दोनशे वर्षांहून जुनी आहे, आणि नावावरून वाटतं तसा तो मूकाभिनय नसतो बरं का, चांगला आरडाओरडा असतो. जोसेफ ग्रिमाल्डी नावाचा विदूषक होता, जन्म 1778 चा. 29 डिसेंबर 1806 ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याचा एक पँटो लागला आणि त्याने शहर वेडं केलं. करायचा काय, तर सॉसेजच्या माळा चोरायचा, लाल तापलेली सळई लोकांच्या मागे लावायचा, पडायचा, पाडायचा. तिकडे विदूषकाला आजही ‘जोई’ म्हणतात ते याच जोसेफवरून. पँटोचा खेळ सुरू व्हायचा तो बहुतेक 26 डिसेंबरला, म्हणजे आदल्या दिवशी चर्च आणि जेवणं झाली की दुसऱ्या दिवशी आजोबांपासून नातवापर्यंत सगळे थिएटरात, माणसं पडताना बघायला. आजही ब्रिटनमध्ये गावोगावी पँटो लागतात, त्यात चिखल-पीठ-फेस एकमेकांच्या अंगावर ओतायचा एक हक्काचा प्रवेश असतो आणि अनेक थिएटरांचं वर्षाचं गणित या महिनाभराच्या गल्ल्यावर बसतं. बाजार आहेच की त्यात, नाही कोण म्हणतंय, पण हा बाजार राणी व्हिक्टोरियाच्या जन्माच्या आधीपासूनचा आहे, त्याचं खापर केबल टीव्हीच्या डोक्यावर कशाला फोडता.

सिनेमात यायचं तर 1929 चा लॉरेल आणि हार्डीचा ‘बिग बिझनेस’ बघा, जेमतेम वीस मिनिटांचा मूकपट. हे दोघं कॅलिफोर्नियाच्या रणरणत्या उन्हात दारोदार ख्रिसमस ट्री विकत फिरतायत. एक गिऱ्हाईक नको म्हणतं, झाडाची फांदी दारात अडकते, परत बेल वाजते, परत अडकते, मग तो माणूस कात्री आणून झाड कापतो, मग हे त्याच्या दाराची नासधूस करतात, तो यांच्या गाडीचा दिवा उपटतो, आणि असं करत करत एका बाजूला आख्खी गाडी भंगारात आणि दुसऱ्या बाजूला आख्खं घर उद्ध्वस्त. पोलीस बाजूला उभा राहून वहीत नोंदी करतोय. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट काय वाटते सांगू, कुणीच घाई करत नाही. एक जण मोडतो तेव्हा दुसरा शांतपणे बघत उभा असतो, जणू रांगेत आपला नंबर यायचाय. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या सिनेमांची जी यादी चालवलीय, नॅशनल फिल्म रजिस्ट्री, तिच्यात हा 1992 मध्ये गेला आणि ‘होम अलोन’ 2023 मध्ये. म्हणजे ‘उथळ’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या लोकांशीही बोलून घ्यावं.

पण यादी सोडा. सणाशी संबंध का आहे हे कळायला लायब्ररी लागत नाही, कुठल्याही सणाच्या घरात आदल्या संध्याकाळी उभं राहिलं की कळतं. शिडी बाहेर निघालेली असते, वायरी जमिनीवर असतात, स्वयंपाकघरात मावणार नाहीत एवढी माणसं असतात, प्रत्येकाच्या हातात काहीतरी गरम किंवा फुटणारं असतं आणि सगळ्यांनी ठरवलेलं असतं की आज सगळं छान व्हायला पाहिजे. थंडीच्या देशात त्यात पायऱ्यांवर बर्फ आणि दिवाणखान्यात चक्क झाड. यात कुणी पडलं नाही तरच नवल.

आमच्याकडचं सांगते. मी पाचवी-सहावीत असेन. नाताळची संध्याकाळ, रात्रीच्या मिस्साला जायचं म्हणून मोठे काका नव्या पँटमध्ये तयार, आणि ऐनवेळी त्यांच्या लक्षात आलं की बावखलावरच्या आंब्याला स्टार लावायचा राहिला. (वसईबाहेरच्यांसाठी, बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं.) त्या दिवशी घरातलं वातावरण आधीच टाइट होतं, पप्पा आणि काका जमिनीच्या मोजणीवरून आठवडाभर बोलत नव्हते, आजी दोघांकडे बघत नव्हती, आई आणि काकू इंदेलचं कालवण ढवळत गप्प. काका फांदीवर गेले, फांदीने एकदा विचार केला, आणि स्टारसकट काका पाण्यात. नशीब वायर अजून जोडलेली नव्हती. दोन सेकंद कुणाला श्वास नाही. मग डोक्यावर शेवाळ घेऊन काका उभे राहिले, पाणी कमरेएवढंच होतं, आणि आजीने काठावरून विचारलं, “स्टार भिजला काय रे?” पप्पा जे हसायला लागले ते खालीच बसले. काकाही. दोघं भाऊ. मोजणीचा वाद पुढे तीन वर्षं चालला, तो काही मिटला नाही, पण मिस्साला दोघं एका बाकावर बसले आणि शेवाळाचा वास आमच्या तीन बाकांपर्यंत येत होता. आता मला सांगा की आपटाआपटीचा सणाशी संबंध नाही.

दुसरा मुद्दा, ‘डोकं लागत नाही’. हसणाऱ्याला फारसं लागत नाही, हे खरं आहे आणि तीच तर सोय आहे, त्यावर नंतर येते. पण करणाऱ्याला? जर्मनीत दर 31 डिसेंबरला एक अठरा मिनिटांचं नाटुकलं टीव्हीवर लागतं, ‘डिनर फॉर वन’, 1963 मध्ये हँबर्गच्या एनडीआर या वाहिनीने रेकॉर्ड केलेलं. नव्वदीच्या बाईंचा वाढदिवस, पाहुणे कधीच मेलेत, म्हणून बटलर प्रत्येक पाहुण्याच्या वतीने स्वतःच पितो आणि टेबलाभोवती फिरताना जमिनीवरच्या वाघाच्या कातड्याच्या डोक्याला अडखळतो. अकरा वेळा अडखळतो. एकच वाघ, एकच पाय. पण मधेच एकदा तो न अडखळता पलीकडे जातो, स्वतःच चकित होतो, आणि प्रेक्षक त्या न पडण्यावर जास्त हसतात. हे लिहायला आणि करायला डोकं लागत नाही म्हणता? नॉर्वेत हेच 23 डिसेंबरला लागतं, म्हणजे ऐन ख्रिसमसच्या तोंडावर. संवाद इंग्रजीत आहेत, जर्मनीतही डब न करता तसेच दाखवतात, आणि ज्या इंग्रजांची ती भाषा त्यांना कित्येक वर्षं हे नाटुकलं धड माहीतही नव्हतं.

‘होम अलोन’मध्ये जॉन ह्यूजने लिहिलेली पटकथा जरा शांतपणे बघा. लोकांना आठवतात ती शेवटची वीसेक मिनिटं, इस्त्री, रंगाचे डबे, तापलेली दाराची मूठ. सिनेमा मात्र 103 मिनिटांचा आहे. म्हणजे तासाभराहून जास्त वेळ तो नुसती तयारी करतोय आणि आपल्याला ती तयारी वाटतही नाही. थोरल्या भावाचा पाळलेला कोळी सुरुवातीलाच दाखवलाय, मग केव्हिन फळीवर चढतो, फळी कोसळते, कोळी सुटतो, आपण विसरून जातो, आणि तासाभराने तो मार्वच्या तोंडावर. (मार्व झालेल्या डॅनियल स्टर्नच्या तोंडावरचा तो कोळी खरा होता. मी तो सीन आजही उशीच्या आडून बघते.) जुना काळा-पांढरा गँगस्टरपट केव्हिन चोरून बघतो, घाबरतो, पुढे त्याच पिक्चरचा आवाज वापरून पिझ्झावाल्याला पळवतो आणि मग चोराला. तो गँगस्टरपट खरा नाहीच, या सिनेमासाठी मुद्दाम शूट केला होता, आणि कित्येक लोक वर्षानुवर्षं तो शोधत राहिले.

पण मला सगळ्यात आवडतं ते फावडं. शेजारचा म्हातारा मार्ली, पोरांच्या अफवेप्रमाणे त्याने फावड्याने घरच्यांना मारलंय. पहिल्यांदा फावडं दिसतं तेव्हा ते भीतीचं असतं. मग चर्चमध्ये तो आणि केव्हिन शेजारी बसतात, कॉयरची तालीम चाललीय, म्हातारा सांगतो की मुलाशी भांडण झालंय म्हणून नातीचं गाणं ऐकायला असं लांबून यावं लागतं. आणि शेवटी चोरांनी केव्हिनला दाराच्या खुंटीला लटकवलेलं असतं तेव्हा मागून येऊन दोघांच्या डोक्यात जे बसतं ते तेच फावडं. पहिल्या अर्ध्या तासातला खुनी आणि शेवटच्या दहा मिनिटांतला देवमाणूस, हत्यार एकच. एवढी घट्ट वीण असलेले गंभीर सिनेमे मला बोटावर मोजून दाखवा.

नटांचंही तेच. जो पेशी हा इथला बुटका चोर हॅरी. त्याच वर्षी, 1990 ला, त्याचा ‘गुडफेलाज’ आला, अंगावर काटा आणणारा गुंड, आणि त्यासाठी त्याला सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. तोच माणूस इथे डोक्यावरची आग बर्फात विझवतोय, आणि लहान मुलांचा सिनेमा म्हणून शिव्या देता येत नाहीत तर दातओठ खात कसलीतरी बडबड करतोय, जी शिव्यांपेक्षा भारी आहे. त्या काळात हे कॉम्प्युटरवर करून घ्यायची सोय नव्हती, पायऱ्यांवरून जे पाठीवर पडतायत ते खरे स्टंटमन आहेत, आणि एकदा हे डोक्यात ठेवून तो सीन बघा, पडण्याआधी पाय किती उंच जातात ते बघा. संगीत जॉन विल्यम्सचं, ऑस्करची दोन नामांकनं. डोकं लागत नाही म्हणे.

तिसरा मुद्दा, हिंसा. इथे मी जरा हळू चालते, कारण काळजी खोटी नाही. पोरं बघून करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मानसशास्त्रज्ञ बांडुराने 1961 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तो प्रसिद्ध प्रयोग केला, मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना बघितलेल्या मुलांनी तशीच बाहुली बडवली. प्रयोगशाळेत कशाला जायचं, आमच्या मावसभावाने हा सिनेमा बघून दुसऱ्याच दिवशी जिन्यावर गोट्या पसरल्या होत्या आणि चोर न येता दळण घेऊन मावशी आली. मावशी कठडा धरून वाचली, पीठ नाही वाचलं, आणि मावसभावाला जे पडले ते सिनेमात दाखवलेलं नाही. तेव्हा लहान पोरांना एकटं बसवून दाखवू नका, शेजारी बसा, इतपत मला मान्य. हॅरीचं डोकं पेटतं तो ब्लोटॉर्चचा सीन मलाही जरा जास्तच वाटतो.

पण पोस्टमधलं वाक्य आहे की पोरगं ‘जीव घ्यायला निघतं’, आणि त्यावरून हा सिनेमा मुलांना क्रूरपणा शिकवतो. इथे दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे या आपटाआपटीच्या विनोदाला इंग्रजीत म्हणतात तो स्लॅपस्टिक हा शब्दच बघा. जुन्या इटालियन फार्समधल्या पात्राच्या हातात एक काठी असायची, दोन चपट्या फळ्या एका टोकाला जोडलेल्या, मारली की फटाक्कन मोठा आवाज यायचा आणि लागायचं मात्र जवळजवळ काहीच नाही. आवाज मोठा, मार खोटा. या प्रकाराचं नावच त्या काठीवरून पडलं. प्रेक्षकाशी झालेला करार तोच आहे, की हा माणूस पुढच्या शॉटला उठणार. दुसऱ्या मजल्यावरून सुटलेली इस्त्री तोंडावर पडली तर खरा माणूस उठत नाही, हे सहा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं, म्हणून तर ते मार्वच्या तोंडावरचा इस्त्रीचा त्रिकोण बघून हसतं. आख्ख्या मारामारीत रक्ताचं नाव नाही, हिशेब लागतो तो एका सोन्याच्या दाताचा, तो शेवटी बापाला जमिनीवर सापडतो आणि त्याला काही टोटल लागत नाही.

दुसरी गोष्ट पोस्ट लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलेली नाही, बहुतेक त्याने शेवट बघितला नसावा. केव्हिन हरतो. एवढे सापळे, एवढे नकाशे, आणि शेवटी ते दोघं त्याला पकडतातच, आता एकेकाची परतफेड करतो म्हणून धमकावतात. त्याला वाचवतं कोण, तर ज्याच्याशी तो चर्चमध्ये दहा मिनिटं नीट बोलला तो म्हातारा. मारामारीने जिंकायचं शिकवणारा सिनेमा असता तर ह्यूजला हे करायची काय गरज होती? आणि चोरांना पळून जायची संधी किती वेळा आहे ते मोजा. घरात एकटं पोर आहे हे कळल्यावर शहाणा माणूस दुसरं घर बघेल. हे दोघं ठरवून रात्री नऊला परत येतात. वर मार्वची ती सवय, चोरी केली की जाताना नळ उघडे ठेवायचे, म्हणजे घरवाल्यांचं घर पाण्यात. ज्याच्या घरी सोसायटीच्या टाकीचं पाणी एकदा तरी रात्रभर वाहून गेलंय तो मार्वला इस्त्री का पडली हे विचारणार नाही.

चौथा मुद्दा, ‘आईबाप विसरतील कसे’. याबाबतीत पोस्टवाला एकटा नाही, रॉजर इबर्टसारख्या मोठ्या समीक्षकानेही तेव्हा कथानक पटत नाही म्हणून चारपैकी अडीच स्टार दिले होते. पण पटवण्यासाठी सिनेमाने किती घाम गाळलाय तो बघा ना. रात्री वारा सुटतो, फांदी तारांवर पडते, वीज जाते, गजर होत नाही. सकाळी सगळे उठतात तेव्हा व्हॅन दारात. केव्हिन शिक्षा म्हणून सगळ्यात वरच्या खोलीत. बाहेर डोकी मोजली जातात पण शेजारचं एक आगाऊ पोरगं व्हॅनमध्ये डोकं खुपसून उभं आहे, ते मोजलं जातं आणि आकडा बरोबर येतो. तिकीट मोजून कळलं असतं, तर आदल्या रात्री पिझ्झ्यावर दूध सांडतं, बाप टेबल पुसतो आणि त्या कागदांबरोबर केव्हिनचं तिकीट कचऱ्यात जातं. विमानात मोठे पुढे फर्स्ट क्लासमध्ये, पोरं मागे. मग आईला आठवतं तेव्हा विमान पॅरिसच्या वाटेवर, आणि घरी फोन लागत नाही कारण त्याच फांदीने फोनच्या ताराही तोडल्यात. एका फांदीकडून एवढी कामं क्वचित कुणी करून घेतली असतील. आणि खरं सांगू, ज्यांच्या घरात दोन गाड्या करून बाहेर जायची पद्धत आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. माझी चुलतबहीण बांद्र्याच्या जत्रेत राहिली होती, या गाडीतल्यांना वाटलं ती त्या गाडीत आहे आणि त्या गाडीतल्यांना वाटलं या. अंधेरी आल्यावर कळलं. ती तोपर्यंत एका मेणबत्तीवालीच्या स्टूलवर बसून चणे खात होती.

राहिला नॉस्टॅल्जियाचा मुद्दा, आणि टीव्हीवाले रिपीट लावतात म्हणून. तारखा बघा. सिनेमा अमेरिकेत लागला 16 नोव्हेंबर 1990 ला. सलग बारा आठवडे पहिल्या नंबरवर. म्हणजे ख्रिसमस आला, गेला, झाडं रस्त्यावर कचऱ्यात पडली, जानेवारी संपला, आणि लोक अजून रांगा लावून शिकागोच्या एका उपनगरातलं ख्रिसमसचं घर बघतायत. तेव्हा कुणाच्या लहानपणच्या आठवणी होत्या? आधी वॉर्नर ब्रदर्स हा सिनेमा काढणार होते, बजेटवरून फिस्कटलं, मग फॉक्सने घेतला. साधारण 1 कोटी 80 लाख डॉलर खर्च आणि नुसत्या अमेरिकेतला गल्ला साडेअठ्ठावीस कोटींच्या आसपास. सवयीने बघितलेल्या सिनेमाचे आकडे असे नसतात, लोकांना तर सवय लागायचीच होती.

आणि टीव्हीवाले लादतात म्हणायचं तर पोलंडचा किस्सा ऐका. तिकडे पोल्सॅट नावाचं चॅनेल दर नाताळात ‘होम अलोन’ लावायचं, लावायचं, लावायचं, आणि 2010 मध्ये त्यांनी ठरवलं की यंदा नको. लोकांनी फेसबुकवर एवढा गदारोळ केला की चॅनेलला तो परत लावावा लागला. लादणाऱ्याने हात वर केले आणि ज्याच्यावर लादलं म्हणता तो मागायला दारात उभा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा पोलंड, नुकतीच कम्युनिस्ट राजवट गेलेली, त्यांनी त्या भल्याथोरल्या अमेरिकन घरात काय पाहिलं असेल याची मी कल्पनाच करू शकते. पण आकर्षण घराचं असेल तर ते दोन-चार वर्षांत ओसरतं. वीस वर्षांनी भांडायला लोक उठतात ते घरासाठी नाही.

पोस्टमध्ये नसलेली एक बाजू मीच देते, उगाच वकिली केली म्हणू नका. पुढचे भाग बघू नका. 1992 चा दुसरा त्याच मंडळींचा आहे, चालतो, न्यूयॉर्क बघायला मिळतं, पण गोष्ट तीच, फक्त विटा जास्त. त्यानंतरच्यांमध्ये सापळे आहेत आणि बाकी फारसं काही नाही, मार्ली तर नाहीच. तिथं पोस्टमधला प्रत्येक शब्द लागू पडतो. म्हणजे नुसतं पडणं पुरत नाही हे त्यांनीच सिद्ध करून दाखवलं. पहिल्यात केव्हिनची आई केट, म्हणजे कॅथरीन ओ’हारा, पॅरिसहून निघून मिळेल त्या विमानाने कुठल्याकुठे पोचते आणि शेवटी पोल्का वाजवणाऱ्या बँडच्या गाडीत बसून रात्रभर प्रवास करते. वर घरात पोरगं जिन्यावर डांबर ओततंय आणि इकडे आई ॲकॉर्डियन ऐकत रडवेली बसलीय. हे दोन्ही एकत्र आहे म्हणून हसू येतं.

मघाशी म्हटलं ना, हसणाऱ्याला डोकं लागत नाही ही सोय आहे, ते आजीमुळे म्हटलं. आमच्या आजीला इंग्रजीचा एक शब्द कळायचा नाही. केबलवर हा सिनेमा लागला की घरात अशी गर्दी, की पप्पांना बातम्या हव्यात, आम्हाला गाणी, काकूला मालिका, आणि या एका सिनेमाला कुणाची तक्रार नाही. विनोदी नाटक असतं तर तिला एकेक वाक्य समजवावं लागलं असतं आणि समजावलेला विनोद मेलेला असतो. इथं मार्व घसरला की ती आमच्या आधी हसायची, कारण तिला तो घसरणार हे आधी दिसायचं, आयुष्यभर शेवाळलेल्या पायऱ्यांनी पाणी भरलेली बाई ती.

आणि मार्ली खुनी नाही हे तिने पहिल्याच वेळी ओळखलं होतं. आम्ही पोरं घाबरून पांघरुणात, तर ही म्हणते, तो काय टाकतोय रस्त्यावर ते बघा. मीठ टाकतोय. पप्पांनी सांगितलं की बर्फ वितळावा, लोक घसरू नयेत म्हणून तिकडे टाकतात. “मग,” आजी म्हणाली, “लोकांनी पडू नये म्हणून जो रात्री मीठ टाकत फिरतो तो कुणाला मारेल होय?” मला हे कळायला पुढे दहा वेळा सिनेमा बघावा लागला, की एकाच गल्लीत एक म्हातारा लोक पडू नयेत म्हणून मीठ टाकतोय आणि एक पोरगं लोक पडावेत म्हणून पायऱ्यांवर पाणी ओतून बर्फ करतंय.

शेवटी सकाळ होते, केव्हिन खिडकीशी येतो, आई घरी पोचते, मिठी, संगीत, आमच्या घरात दरवर्षी दोन बायका डोळे पुसतात. आजी मात्र डोळे पुसायची नाही. तिचं लक्ष भलतीकडेच असायचं. दरवर्षी तेच विचारायची, आम्ही दरवर्षी नाही म्हणायचो आणि ती दरवर्षी तेवढीच अस्वस्थ व्हायची.

“त्या पोराने रात्री पायऱ्यांवर बर्फ केला होता ना? मग आई यायच्या आधी कुणी मीठ टाकलं की नाही?”